नकार गोळा करण्याची नोकरी

माझी पहिली नोकरी लोकांचे नकार गोळा करण्याची होती. नेमणुकीच्या वेळी अर्थातच असं कोणी सांगितलं नाही. टायपिस्ट आणि कार्यालयीन मदतनीस, एवढंच सांगितलं. पण पावसाळा सरून धानाची कापणी सुरू झाली की मी टाइपरायटरवर झाकण घालायची आणि भंडारा, तुमसर, शहापूर असं फिरून मोठमोठ्या माणसांचं "नको" ऐकून यायची. या कामात मी हळूहळू बरीच तरबेज झाले, हे आज सांगायला हरकत नाही.

भंडाऱ्यात तेव्हा एक बंधुसभा होती. खाणीवरच्या कोणा इंग्रज साहेबाने ती सुरू केली म्हणत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी लागले तोवर साहेब जाऊन पिढी उलटली होती, पण काळे कोट, उंच पाठीच्या खुर्च्या आणि इंग्रजीतून म्हणायची वचनं तेवढी राहिली होती. गावातले वकील, डॉक्टर, राइस मिलवाले, पितळी भांड्यांचे व्यापारी महिन्यातून एकदा तिथे जमत, दार लावून घेत आणि आत एकमेकांना "बंधू" म्हणत. त्यातून दवाखान्याला खाटा, शाळेला पंखे अशी कामंही व्हायची. गावात सगळे तिला लॉज म्हणत, त्यामुळे आठवड्याला एखादा प्रवासी पेटी घेऊन यायचा आणि खोलीचं भाडं विचारायचा.

बायकांना सभेत प्रवेश नव्हता. म्हणून माझं टेबल व्हरांड्यात होतं.

मला घेतलं ते इंग्रजीमुळे. मुख्य कार्यालयाशी पत्रव्यवहार इंग्रजीत चाले आणि मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. वडिलांची बदली झाली म्हणून भंडाऱ्यात आलेली, ओळखी नाहीत, आणि स्वभावाने इतकी बुजरी की मनातलं वाक्य मराठीत जुळवेपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असायचा. सचिव कारेमोरे वकील यांना नेमकं हेच पसंत पडलं. गुपितं ठेवणाऱ्या संस्थेला न बोलणारी मुलगीच बरी, असं ते म्हणाल्याचं मला नंतर कळलं.

आता खुर्च्यांबद्दल थोडं सांगायला हवं. सभेत सात पदं होती आणि प्रत्येक पदाची खुर्ची ठरलेली. सगळ्यात खालचं पद द्वारपालाचं. खरं तर त्याला खुर्ची आत नव्हतीच. त्याने सभा चालू असताना बंद दाराबाहेर काठी घेऊन उभं राहायचं, उशिरा येणाऱ्याची ओळख पटवायची आणि दारावर ठरलेल्या थापा मारायच्या. सगळ्यात वरचं पद अध्यक्षाचं, त्याची खुर्ची मधोमध. दर वर्षी डिसेंबरात खुर्चीपालट व्हायची आणि प्रत्येकाने एक खुर्ची पुढे सरकायचं. म्हणजे दारावर उभा राहिलेला माणूस सात वर्षांत मधल्या खुर्चीत पोचायला हवा. शिडीच होती ती.

शिडी चढायची तर संमती हवी. मूळ इंग्रजी नियमावली मी वाचली आहे. तीत एवढंच म्हटलं होतं की बंधूला विचारावं आणि त्याची संमती घ्यावी. आमच्या लोकांनी त्याला "विचारणा" असं नाव दिलं आणि ती तीनदा करायची प्रथा पाडली. पहिल्या विचारणेला "हो" म्हणणारा माणूस हावरट ठरायचा. म्हणून पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, पण जरा थांबून. तिसऱ्यांदा मात्र अध्यक्ष आणि सचिव स्वतः त्याच्या घरी जायचे, बैठकीत बसायचे, घरचं काही गोड खायचे आणि मग विचारायचे. गोड खाल्ल्याशिवाय होकार पक्का धरत नसत.

पहिल्या दोन फेऱ्या माझ्या. त्यांना खऱ्या उत्तराची अपेक्षाच नव्हती, म्हणून त्या पगारी माणसावर सोपवल्या असाव्यात.

नकारांचे प्रकार मी तिथे शिकले. डॉक्टर पडोळे मला पाहताच दोन्ही हात हलवायला लागले. पेशंट सोडून मान वर करायला फुरसत नाही, वर्षभर तरी माझं नाव घेऊ नका, असं ते अगदी पोटतिडकीने सांगत होते. तेवढ्यात शिंपी आला आणि त्याने कंपाउंडरला विचारलं, साहेबांच्या काळ्या कोटाची ट्रायल आता घ्यायची की संध्याकाळी. डॉक्टरांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की मी लगेच निरोप घेतला. मोठ्या समाधानाने मी पहिला नकार नोंदवला.

सिहोऱ्याच्या बांते राइस मिलवाल्यांचा नकार मात्र खरा निघाला. दोन्ही वेळा ते मान खाली घालून "नको" म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या फेरीला मी निघणार तोच स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने मला आत बोलावलं. पाट दिला, चहा दिला, आणि सरळ विचारलं, "तेले काय विचारतेस वं? मले विचार. मीच नाई म्हणाले लावलं."

महिन्यातून एकदा दार लावून हे लोक आत काय करतात ते तिला जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, मलाही माहीत नाही, मी बाहेर बसते.

"मंग तू कायले फिरून राहिली घरोघरी?"

मी हसले, आणि ती माझ्याहून जास्त हसली. बोलता बोलता कळलं की तिची हरकत पदाला नव्हती. सभेच्या दिवशी बांते जेवून यायचे आणि तिने केलेलं अन्न तसंच राहायचं, ही हरकत होती. मी तिथेच, कोणाला न विचारता, बांत्यांनी सभेचं जेवण अर्धंच जेवावं असं ठरवून टाकलं. तिसऱ्या विचारणेला त्यांनी होकार दिला आणि पुढे वर्षभर ते अर्धपोटी उठत. त्याचं कारण सभेत कोणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी बैठकीत नकार घ्यायची आणि स्वयंपाकघरात उत्तर. माझ्याआधी हे काम पुरुषच करत. त्यांना फक्त बैठक दिसायची.

मेश्राम सरांना मी अशी विचारणा केली नव्हती, कारण पहिली दोन वर्षं त्यांचं नाव माझ्याकडे आलंच नाही. सर द्वारपाल होते. सरकारी शाळेत गणित शिकवायचे, मूळचे आसगावचे, सभेतले एकटे बौद्ध. एका जुन्या अध्यक्षांनी त्यांना आग्रहाने आणलं होतं. ते अध्यक्ष वारले आणि सर दारावर राहिले. मी लागले त्याच्याही आधीपासून ते तिथेच होते. नवे सभासद यायचे, एखादं वर्ष इकडेतिकडे करून सरांच्या पुढच्या खुर्चीत बसायचे आणि वर सरकायचे.

सभा चालू असताना बाहेर आम्ही दोघंच. मी टेबलाशी, ते दाराशी. काठी भिंतीला टेकवून ते उत्तरपत्रिका तपासत बसायचे. चांगलं उत्तर मिळालं की मला वाचून दाखवायचे, फार वाईट मिळालं तरी वाचून दाखवायचे. मला ते मॅडम म्हणायचे आणि मला त्याचा संकोच वाटायचा. एकदा आत कसल्यातरी जोरजोरात टाळ्या वाजल्या. मी मान वर केली तर ते म्हणाले, "तिकडं लक्ष देऊ नका मॅडम. आपल्याले बाहेरून कदी समजत नाई कोनाले वाजवून राहिले."

तिसऱ्या वर्षी, खुर्चीपालटीच्या आधीच्या सभेला, मी त्यांना विचारलं. आठवडाभर मनात वाक्य जुळवलं होतं. सर, तुम्ही दर वर्षी नको का म्हणता?

त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. "मी? मले एकदाच विचारलं. जुन्या क्लार्कनं. मी म्हटलं, माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत, त्याहिले द्या. असंच म्हनतात ना पहिल्यांदा?" मग जरा हसून म्हणाले, "दुसऱ्यांदा येतीन म्हनून आमची मंडळी दर वर्षी या आठवड्यात दूध जास्तीचं घेते. मी म्हनतो, कायले घेतेस. ते म्हनते, पाहुने आले तर?"

कार्यालयात मात्र दर वर्षी त्यांच्या नावावर एकच वाक्य बोललं जायचं. त्यांना विचारलं होतं, नको म्हणाले. बाकी सगळ्यांचे दोन नकार शिष्टाचार होते. सरांचा एक नकार मात्र उत्तर ठरला होता.

त्या रविवारी माझ्या फेरीत सरांचं घर नव्हतं. मी तरी गेले. न सांगितलेल्या घरी मी त्याआधी कधी गेले नव्हते. सर दारात आले, मी विचारलं, आणि ते अगदी रीतीप्रमाणे म्हणाले, माझ्यापेक्षा मोठे लोक आहेत, त्यांना द्या. त्यांच्या मागे पडद्याशी त्यांच्या पत्नी, मेश्राम काकू, उभ्या होत्या. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. चहात दूधच दूध होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात अध्यक्ष हटवारशेठ आणि कारेमोरे वकील बसले होते. हटवारशेठ पितळी भांड्यांचे व्यापारी, मोठ्या पोटाचे, मोठ्याने बोलणारे, बायकांशी घासाघीस करून करून कोणाचाच राग न येणारे. वकिलांचं तसं नव्हतं. ते मोजकं बोलायचे आणि सभा खरं तर तेच चालवायचे. मी एकेक नकार सांगत गेले. मेश्राम सरांचं नाव घेतलं तेव्हा वकिलांनी मान वर केली. त्यांच्याकडे जायला कोणी सांगितलं होतं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी हातातली यादी सरळ केली. मग ते म्हणाले, ठीक आहे, नको म्हणाले ना, झालं तर. पुढचं नाव घ्या.

पुढचं नाव माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "अजून दोनदा जायचंय."

"कशाला? त्यांनी सांगितलंय ना?"

"तुम्हीही सांगितलं होतं, वकीलसाहेब. दोनदा."

हटवारशेठ खो खो हसले. वकील हसले नाहीत. ते म्हणाले, त्यांचं वेगळं आहे. शेठनी विचारलं, कसं वेगळं? त्यांनी ते खरंच न कळून विचारलं असावं. धंद्याच्या निमित्ताने गावातलं कुठलंही अंगण त्यांना परकं नव्हतं. वकील टेबलावरच्या टाचण्या एकेक उचलून डबीत टाकत राहिले. "वेगळं" म्हणजे काय हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. महिन्याच्या जेवणाला सर सगळ्यांच्या पंगतीत बसायचे, त्याला कोणाची हरकत नव्हती, कारण ते जेवण खानावळीतून यायचं. तिसरी विचारणा मात्र घरी करायची होती आणि घरचं गोड खायचं होतं. पण ज्या खोलीच्या भिंतीवर बंधुत्वाचं वचन चौकटीत लावलं होतं, तिथे हे तोंडाने म्हणायचं कसं?

शेठनी जरा वाट पाहिली. मग म्हणाले, "मंग ठरलं. पोरी, तू दुसऱ्यांदा जाऊन ये. तिसऱ्यांदा आमी येतो."

मी दुसऱ्यांदा गेले. सर नको म्हणाले, पण जरा थांबून.

तिसऱ्या विचारणेला पगारी माणसाने जायची प्रथा नव्हती. शेठनी मला बरोबर घेतलं, बहुधा वकिलांशी एकट्याने वाटभर काय बोलावं हे न सुचल्यामुळे. आम्ही तिघं गेलो तेव्हा सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बैठकीत शेजाऱ्यांकडून आणलेल्या दोन खुर्च्या जास्तीच्या होत्या. काकूंनी तांदळाची खीर आणि वडे केले होते. आसगावचा नवा तांदूळ होता, नुकताच घरी आलेला. वास आधी आला, वाट्या नंतर.

शेठनी वाटी घेतली आणि उभ्या उभ्याच पहिला घोट घेतला. वकिलांपुढे वाटी आली तेव्हा ते म्हणाले, नको, पोट ठीक नाही दोन दिवसांपासून.

सचिवाने खाल्लं नाही तर होकार धरला जात नाही, हे सरांना माहीत होतं. सर जमिनीकडे बघत होते. शेठचा हात वाटीतच राहिला होता. त्या क्षणी मला वाटलं, मी या माणसाला इथवर आणून त्याच्याच घरात त्याचा अपमान करवला. त्यापेक्षा तो दारावर बरा होता.

काकू वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "थोडीशी घ्या."

"नको, खरंच नको."

काकू हलल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. पोराला समजावतात तसं म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमच्या घरी एकदा नको म्हटल्यानं वाढनं थांबत नाई. आमी तीनदा विचारतो. हे तिसऱ्यांदा विचारून राहिली."

वकिलांनी काकूंकडे बघितलं. मग सरांकडे. मला वाटतं, सरांकडे त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं असेल, कारण सभेला येताना तर ते दर वेळी दारातून त्यांच्या शेजारून जायचे. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. एवढंच दिसलं की कान लाल झाले. त्यांनी हात पुढे केला आणि वाटी घेतली. पहिला घास सावकाश गेला. दुसरा जरा लवकर. वाटी संपत आली तेव्हा त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं, तांदूळ कोणता आहे? आणि हटवारशेठ एवढ्या जोरात हसले की शेजारची पोरं दारात येऊन उभी राहिली.

वकिलांनी नंतर स्वतःहून आणखी अर्धी वाटी मागितली. त्यांच्या पोटाची चौकशी कोणी केली नाही.

मग शेठनी हात पुसले, कोट सारखा केला आणि रीतीप्रमाणे गंभीर होऊन विचारलं, बंधू मेश्राम, सभेतली पुढची खुर्ची तुम्ही स्वीकाराल का? तिसऱ्या विचारणेला लोक भाषण करायचे. आपली योग्यता नाही, पण आपल्या प्रेमाखातर, वगैरे. सरांनीही भाषण तयार केलं असणार. मनातल्या मनात म्हणून पाहिलेलं असणार. पण शेठचं वाक्य संपायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाव."

"अरे, थांबा तरी," शेठ म्हणाले.

"लय थांबलो शेठजी," सर म्हणाले, आणि पडद्यामागे काकू हसल्याचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

पुढे मी काही वर्षं त्या सभेत काम केलं. नंतर बँकेत लागले, आता तिथे माझं टेबल आत आहे. सभेने बायकांना प्रवेश दिला नाही, मीही मागितला नाही. कोणी तीनदा विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, ते माहीत नाही. कारेमोरे वकिलांनी त्या दिवसानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, पण पुढच्या वर्षीच्या फेरीसाठी त्यांनी मला नावं दिली तेव्हा एकही घर वगळलेलं नव्हतं. ही गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी.

खुर्चीपालटीच्या दिवशी सरांनी काळा कोट घातला होता, खांद्यात जरा घट्ट. काठी त्यांनी नव्या द्वारपालाच्या हातात दिली. तो बँकेतला तरुण अधिकारी होता आणि माझ्याशी सगळं इंग्रजीतून बोलायचा. सरांनी त्याला कशा थापा मारायच्या ते दाखवलं, मला मान लववून "येतो मॅडम" म्हटलं आणि आत गेले. दार लागलं. माझ्या टेबलासमोर आता उत्तरपत्रिका नव्हत्या, आणि मला, खरं सांगायचं तर, जरा एकटं वाटलं.

खुर्चीपालटीत खालच्या पदापासून सुरुवात होते. एकेकाचं नाव घेतात, तो बसतो, टाळ्या वाजतात. पहिल्या टाळ्या द्वारपालाच्या, त्या नव्या पोराच्या. थोडा वेळ शांतता. मग पुन्हा टाळ्या वाजल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या, आणि त्यात हटवारशेठचे हात तर मला बाहेरूनही ओळखू आले. त्या कोणासाठी होत्या हे मला नेमकं माहीत होतं. मी टाइपरायटरवरून हात काढले आणि व्हरांड्यात बसून टाळ्या वाजवल्या. नवा द्वारपाल काठी धरून माझ्याकडे बघत राहिला.